मालमोटारीची तहान

वैशाखाच्या भर दुपारीं रोटेगांव स्टेशनाकडून वैजापुरास येणाऱ्या रस्त्यावरचा एक देखावा जुन्या पिढीच्या माणसांच्या चांगला ओळखीचा आहे. बाभळीच्या तुटपुंज्या सावलींत एक मालमोटार उभी आहे. तिचें बॉनेट उघडून वर टेकविलेलें आहे. आंतून वाफेचा लोट निघत आहे. ड्रायव्हर खांद्यावरच्या पंचानें घाम पुशीत बसला आहे, आणि क्लीनर पोरगा हातांत रिकामा डबा घेऊन शेजारच्या मळ्यांतील विहिरीकडे निघाला आहे. मळेकरी विचारतो, "पाणी कुणाला रे, तुला का गाडीला?" पोरगा म्हणतो, "आधी गाडीला, मामा. मंग मला."

या उत्तरांत मालमोटारीच्या इतिहासाचें एक सबंध प्रकरण सांठविलेलें आहे. तें प्रकरण म्हणजे यंत्राच्या तहानेचें. आज त्याविषयींच चार शब्द सांगावे असें योजिलें आहे. आणि त्याला एक व्यवहाराचें कारणही आहे. जुने ट्रक मिळवून, त्यांना आपल्या आवडीचें रूप देऊन पुन्हां रस्त्यावर आणण्याची हौस आपल्या देशांतही रुजली आहे. साठ-सत्तर वर्षांचा असा एखादा ट्रक हातीं आला म्हणजे पहिली तक्रार बहुधा एकच असते, कीं तो तापतो. आणि पहिला उपायही एकच सुचतो, कीं मोठा रेडिएटर बसवावा. माझें म्हणणें असें कीं, हा उपाय पुष्कळदां शेवटचा असावयास पाहिजे, पहिला नव्हे. तसें कां, तें इंजिन थंड राखण्याच्या विद्येचा इतिहासच आपणांस सांगतो.

प्रथम इंजिन तापतें कां, हें थोडक्यांत पाहूं. इंधन जळून जी शक्ति निर्माण होते तिचा ढोबळ हिशेब शेताच्या वांट्यांसारखा मांडतां येतो. सुमारें एक वांटा चाकांना मिळतो, एक वांटा धुराबरोबर निघून जातो, आणि तिसरा वांटा इंजिनाच्या धातूंत मुरतो. हा तिसरा वांटा वेळींच बाहेर काढला नाहीं तर तेल पातळ होतें, पिस्टन फुगून सिलिंडरांत अडकतो, हेड वांकतें आणि गॅस्केट जळतें. म्हणून इंजिनाभोंवतीं पाणी फिरवावयाचें, तें पाणी रेडिएटरांत आणून त्याची उष्णता हवेच्या स्वाधीन करावयाची, आणि पुन्हां इंजिनाकडे धाडावयाचें, असा हा व्यवहार आहे. पाणी हा हमाल. उष्णतेचें खरें गिऱ्हाईक हवा.

आतां हें गिऱ्हाईक आपल्या मुलखांत किती कंजूष आहे तें पाहा. रेडिएटरमधील पाणी ९० अंशांवर असेल आणि बाहेरची हवा २० अंशांची असेल, तर दोहोंमध्यें ७० अंशांचें अंतर पडतें. युरोपांतील उन्हाळ्याचा साधारण दिवस असा असतो. परंतु छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तेव्हांचें औरंगाबाद, येथें २५ मे १९०५ रोजीं पारा ४६ अंशांपर्यंत चढल्याची नोंद आहे. हवा ४५ अंशांची धरली तर तेंच अंतर ४५ अंशांवर येतें. म्हणजे यंत्र तेंच, पाणी तेंच, रेडिएटरही तोच, आणि तरी त्याचें सामर्थ्य एक तृतीयांशाहून अधिक घटलें. त्यांत आणखी भर अशी कीं, वैजापूर समुद्रसपाटीपासून सुमारें ५०० मीटर उंचीवर असल्यामुळें येथें उघडें पाणी १०० ऐवजीं सुमारें ९८ अंशांवरच उकळूं लागतें. परदेशांत जन्मलेल्या यंत्राला दख्खनच्या पठारावर अशी दोन्ही बाजूंनीं कात्री लागते.

या विद्येचा आरंभ पाहावयाचा तर जर्मनींत जावें लागेल. कार्ल बेंझ यानें १८८६ सालीं ज्या मोटारगाडीचें पेटंट घेतलें, तिचें इंजिन पाण्यानेंच थंड राखलें जाई. परंतु तें पाणी उकळून वाफ होऊन उडून जात असे. वरकरणीं हा उधळेपणा वाटतो. त्यामागें शास्त्र मात्र पक्कें आहे. एक लिटर पाणी तापतांना एका अंशामागें जितकी उष्णता घेतें, त्याच्या सुमारें ५४० पट उष्णता तें उकळून वाफ होतांना घेऊन जातें. आपल्या माठांतील पाणी गार होतें तें याच न्यायानें. माठाच्या अंगांतून पाझरलेलें थोडेंसें पाणी वाफ होऊन उडतें आणि मागें राहिलेल्या पाण्याची उष्णता नेतें. वाफेसारखी थंडाई दुसरी नाहीं. दोष एवढाच कीं, ती पाणी खाते. ऑगस्ट १८८८ मध्यें बेंझची पत्नी बेर्ता ही आपल्या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमपर्यंत, सुमारें शंभर किलोमीटर, या गाडीनें गेली. मोटारीचा तो पहिला दूरचा प्रवास मानला जातो. त्या वाटेवर तिला ठिकठिकाणीं थांबून गाडीसाठीं पाणी घ्यावें लागलें. रोटेगांवच्या रस्त्यावर डबा घेऊन निघालेला आपला क्लीनर हा या दृष्टीनें बेर्ता बाईंचाच वारस म्हणावयाचा.

पुढची पायरी विल्हेल्म मायबाख या कुशल यंत्रज्ञाची. १९०० सालच्या अखेरीस तयार झालेल्या पहिल्या मर्सिडीझ मोटारीसाठीं त्यानें मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनविला. त्यांत सहा मिलिमीटर बाजूच्या ८,०७० चौकोनी नळ्या होत्या, आणि हवा ओढण्यासाठीं मागें पंखा होता. पाणी उडवून टाकण्याऐवजीं तेंच पाणी पुनःपुन्हां वापरावयाचें, आणि त्यासाठीं हवेला शिवण्याची जागा वाढवावयाची, हें तत्त्व येथें स्थिर झालें. आजच्या ट्रकचा रेडिएटर हा त्या पोळ्याचाच वंशज आहे. येथें एक गोष्ट लक्षांत ठेवावी : मायबाखनें पाणी वाढविलें नाहीं, हवेची वाट वाढविली.

परंतु पाणी फिरवावयाचें कसें? पंप हें एक उत्तर झालें. दुसरें उत्तर अधिक साधें होतें. तापलेलें पाणी हलकें होऊन वर चढतें, थंड झालेलें जड होऊन खालीं उतरतें. इंजिन व रेडिएटर दोन नळांनीं जोडले कीं पाणी आपोआप फिरूं लागतें. यास थर्मोसायफन म्हणतात. आपल्या जिल्ह्याला हें तत्त्व अगदींच परकें वाटूं नये. मलिक अंबरानें १६१० सालीं खडकी शहर वसविलें, आणि त्या शहराला जी प्रसिद्ध नहर आणली, तिच्यांतही कोणतें इंजिन नव्हतें. पाण्याचें वजन आणि जमिनीचा उतार एवढ्या भांडवलावर तें पाणी शहरांत खेळलें. नहरीला उतार डोंगरानें दिला. थर्मोसायफनला तो उष्णतेनें दिला, एवढाच फरक.

हेन्री फोर्डच्या 'मॉडेल टी' या मोटारींत अगदीं आरंभींच्या कांहीं गाड्या सोडल्या तर हीच योजना होती. १९०८ पासून १९२७ पर्यंत अशा दीड कोटींहून अधिक गाड्या निघाल्या, आणि १९१७ सालीं तिचाच एक टन वजन वाहणारा 'टीटी' हा ट्रक बाजारांत आला. पंप नाहीं म्हणून बिघडावयास कांहीं नाहीं, हा या योजनेचा गुण. पण तिच्यांत एक अवगुण होता, आणि तो उष्ण प्रदेशांत फार जाचक होई. पाणी थोडें उडून त्याची पातळी वरच्या नळाच्या तोंडाखालीं गेली कीं हा सारा प्रवाह तुटे. रेडिएटरमध्यें पाणी पुष्कळ शिल्लक असे, पण तें जागच्या जागीं बसून राही, आणि इंजिन उकळूं लागे. अर्धा भरलेला रेडिएटर अशा गाडीला रिकाम्यासारखाच. म्हणून वाटेंतील प्रत्येक विहीर ही ड्रायव्हरला मैलाच्या दगडाहून अधिक महत्त्वाची होती.

आतां आपण पुन्हां वैजापुरास येऊं. मनमाडपासून औरंगाबादवरून सिकंदराबादेपर्यंतचा लोहमार्ग १९०० च्या सुमारास तयार झाला, आणि वैजापूरला रोटेगांवचें स्टेशन मिळालें. आगगाडीचें इंजिनही तहानलेलेंच होतें. परंतु त्याच्यासाठीं कंपनीनें ठराविक स्टेशनांवर पाण्याच्या टांक्या उभारल्या होत्या. मालमोटारीमागें असा कोणी धनी नव्हता. तिला लोकांच्या विहिरींचाच आधार. शिवाय १९४८ पर्यंत वैजापूर हें निजामाच्या राज्याचें सरहद्दीचें गांव होतें. पश्चिमेकडील येवलें आणि कोपरगांव हीं मुंबई इलाख्यांत होतीं, आणि राज्याच्या सीमेवर मालाला करोडगिरीची, म्हणजे जकातीची, तपासणी असे. अशा नाक्यावर उभ्या राहणाऱ्या तापल्या गाडीची एक विचित्र अवस्था होते. धांवत असतांना जें पाणी उकळत नाहीं, तें गाडी थांबवून इंजिन बंद करतांच उकळूं लागतें. कारण पंखा थांबतो, समोरचा वारा थांबतो, आणि धातूंत मुरलेली उष्णता मात्र पाण्यांत उतरतच राहते. म्हणून जाणता ड्रायव्हर गाडी थांबविल्यावर इंजिन थोडा वेळ हळू चालूं देत असे. आजही जुन्या ट्रकसाठीं हा नियम तितकाच खरा आहे.

निजामाच्या रेल्वेनें १९३२ सालीं २७ बसगाड्यांनिशीं रस्तावाहतुकीचें आपलें खातें सुरू केलें. सरहद्दीपलीकडे मुंबईस १९२८ पासून जनरल मोटर्स कंपनी परदेशांतून सुटे भाग आणून गाड्या जुळवीत होती. त्याच सुमारास फोर्डनें 'मॉडेल ए' मोटारीला पाण्याचा पंप बसविला, आणि थर्मोसायफनची सद्दी संपत चालली. पंपामुळें पाणी वेगानें फिरूं लागलें. पण पंपाबरोबर त्याचा पट्टा आला, त्याचें बेअरिंग आलें, आणि त्यांतून होणारी गळतीही आली. दुसऱ्या महायुद्धानंतर वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या, १९४४ सालीं स्थापन झालेल्या कंपनीचा कुर्ला येथील कारखाना चालूं झाला. १ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर मार्गावर एस. टी. ची पहिली बेडफर्ड बस धांवली. त्याच वर्षीं १७ सप्टेंबरला हैदराबाद संस्थान मुक्त झालें, आणि वैजापूरची सरहद्द सरली. पुढें १९५४ सालीं टाटांनीं जर्मनीच्या डायम्लर-बेंझशीं करार करून जमशेटपुरास टाटा-मर्सिडीझ ट्रक बनविण्यास आरंभ केला, आणि लांब नाकाचे, सहा सिलिंडरांच्या डिझेल इंजिनाचे ते ट्रक आपल्या रस्त्यांच्या परिचयाचे झाले. डिझेल इंजिन इंधनाचा अधिक वांटा कामीं लावतें, त्यामुळें पाण्याच्या वांट्याला येणारी उष्णता पेट्रोलच्या मानानें कमी असते. बेर्ता बाईंनीं वाटेंत पाणी पाजलेल्या गाडीचा हा पणतू आपल्याकडे असा आला.

येथें या इतिहासांतील एक दुःखद विसंगति सांगितली पाहिजे. आपल्याकडे वाटसराला पाणी देणें हें पुण्यकर्म. मोटारीलाही कोणी नाहीं म्हटलें नाहीं. परंतु वैजापूरकडील विहिरी काळ्या पाषाणांत खोदलेल्या. त्यांच्या पाण्यांत चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार पुष्कळदां मुरलेले असतात. स्नानाच्या पाण्याचा तांब्याचा बंब ज्यांच्या घरीं असे, त्यांना त्याच्या आंत बसणारा पांढरा खरखरीत थर आठवत असेल. तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि इंजिनाच्या पोटांत बसतो. वाफ होऊन पाणी जातें, क्षार मागें राहतात. नवा डबा ओतला कीं नवे क्षार येतात. हा थर उष्णतेला पांघरुणासारखा अडवितो. म्हणजे गाडी तापते म्हणून पाणी घालावयाचें, पाणी घातल्यानें थर वाढावयाचा, आणि थर वाढल्यानें गाडी आणखी तापावयाची. देणाऱ्याचें पुण्य अक्षय. पण घेणाऱ्याचें इंजिन हळूहळू गुदमरत होतें. गळती थांबविण्यासाठीं रेडिएटरांत हळदीची पूड टाकण्याचा घरगुती उपायही याच जातीचा. वाटेंत अडलेल्याला तो घरीं पोंचवितो. पण ती हळद शेवटीं नळ्यांत जाऊन बसते.

आणि पाणीच नसेल तर? १९७२ च्या दुष्काळानें मराठवाडा होरपळून निघाला. ज्या गांवीं माणसाच्या घागरीला पाणी नाहीं, तेथें मालमोटारीनें डबाभर पाणी मागावयाचें कोणत्या तोंडानें? तेव्हां यंत्राची तहान कमी करणें हा आमच्या मुलखांत नुसता यांत्रिक कौशल्याचा प्रश्न कधींच नव्हता.

ती तहान खऱ्या अर्थानें शमविली एका लहानशा झांकणानें. रेडिएटरचें तोंड स्प्रिंगच्या झांकणानें बंद केलें कीं आंत दाब निर्माण होतो, आणि दाबाखालीं पाणी उशिरां उकळतें. चौरस इंचामागें एक पौंड दाब वाढला कीं उकळण्याचा अंश सुमारें दीडनें वर जातो. १५ पौंडांच्या झांकणाखालीं पाणी १२० अंशांपर्यंत न उकळतां राहूं शकतें. वैजापूरच्या उंचीनें जे दोन अंश हिरावून घेतले, ते या झांकणानें दहापटीनें परत दिले. पाण्याचें तापमान वाढल्यामुळें त्याचें आणि हवेचें अंतरही वाढलें. पुढें झांकणाबाहेर सांडणारें पाणी एका बाटलींत धरून इंजिन थंड झाल्यावर परत ओढून घेण्याची सोय झाली, आणि हें वर्तुळ पुरें मिटलें. उघड्या भांड्यापासून मिटलेल्या भांड्यापर्यंत, असा हा सगळा इतिहास एका वाक्यांत सांगतां येईल.

हें झांकण मात्र जितकें उपकारक तितकेंच उग्र. तापल्या गाडीचें झांकण उघडलें कीं दाब एकाएकीं सुटतो, आंतील पाणी क्षणांत उसळून वाफेसह बाहेर येतें, आणि उघडणाऱ्याचा हात व चेहरा भाजतो. त्याचप्रमाणें लाल तापलेल्या इंजिनांत विहिरीचें गार पाणी एकदम ओतल्यास बिडाला तडा जाण्याचा संभव असतो. उतावळेपणाची किंमत या दोन्ही ठिकाणीं फार मोठी आहे. अर्धा तास थांबणें हेंच येथें शहाणपण.

आतां, श्रोतेहो, आरंभीं सांगितलेल्या प्रश्नाकडे वळूं. समजा, वैजापुरांतील कोणी हौशी गृहस्थानें १९५० च्या दशकांतील एक लांब नाकाचा ट्रक घेतला आहे, आणि तो उन्हाळ्यांत कन्नडजवळच्या औट्रम घाटांतून चाळीसगांवास जाऊन परत वर चढला पाहिजे अशी त्याची इच्छा आहे. घाटांत इंजिन जोरांत आणि गाडी सावकाश, म्हणजे उष्णता पुष्कळ आणि वारा थोडा. त्यानें काय करावें? मी म्हणतों, इतिहास ज्या क्रमानें घडला तो क्रम त्यानें डोळ्यांपुढें ठेवावा : आधीं पाण्याची आणि हवेची वाट, मग दाब, आणि आकार सर्वांच्या शेवटीं.

पहिली गोष्ट, खात्री करून घ्यावी. जुना कांटा खोटें बोलत असेल. चांगल्या तापमापकानें पाणी खरोखर किती तापतें तें पाहावें. गॅस्केट फुटून जळालेला वायु पाण्यांत शिरत असेल, तर जगांतील कोणताही रेडिएटर तो रोग बरा करणार नाहीं.

दुसरी गोष्ट, सफाई. मिस्त्री रेडिएटरची वरची टांकी झाळ काढून उघडतात, आणि प्रत्येक नळींतून पातळ पट्टी घालून क्षार खरवडतात. जुना रेडिएटर तांब्या-पितळेचा असल्यामुळें हें साधतें. तो उघडतां येतो आणि पुन्हां झाळतां येतो. परंतु नुसता रेडिएटर साफ करून भागत नाहीं. इंजिनाच्या पोटांत, सिलिंडरांच्या मागच्या कोपऱ्यांत, गंज आणि गाळ साचलेला असतो, तोही धुवून काढला पाहिजे. नाहीं तर तोच गाळ साफ केलेल्या नळ्यांत येऊन बसेल. पुष्कळ ट्रकांची तहान एवढ्यानेंच भागते.

तिसरी गोष्ट, पाण्याची चाल. पंपाचीं पातीं गंजून झिजलीं आहेत काय, पट्टा घसरतो काय, आणि खालचा रबरी नळ मऊ पडून वेगाच्या वेळीं आंत चिमटला जातो काय, हें पाहावें. थर्मोस्टॅट काढून फेकून देण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. पण कांहीं इंजिनांत तो काढला कीं बरेंचसें पाणी रेडिएटरला वळसा घालून आडवाटेनें परत जातें, आणि गाडी उलट अधिक तापते. शिवाय सकाळच्या गारव्यांत इंजिन लवकर तापत नाहीं व अधिक झिजतें. तेव्हां बिघडलेला थर्मोस्टॅट बदलावा, हांकलून देऊं नये.

चौथी गोष्ट, हवा. मायबाखचा धडा येथें आठवावा. पंख्याभोंवतीं पत्र्याचें कडें नसेल तर पंखा पुढची हवा ओढण्याऐवजीं मागचीच तापलेली हवा घुसळीत बसतो. असें कडें पत्रेकामाच्या दुकानांत थोडक्या खर्चांत होतें, आणि घाटांत त्याचा जेवढा उपयोग होतो तेवढा दुसऱ्या कशाचा क्वचितच होतो. पंख्याचीं पातीं उलटीं बसलेलीं नसावीं. रेडिएटरच्या कडांच्या फटी बुजवाव्या, म्हणजे हवा बगल देऊन जाणार नाहीं. आणि हौसेपायीं जाळीसमोर पाट्या, दिवे, भोंपू यांची गर्दी करूं नये. ट्रकचें नाक हें त्याचें श्वास घेण्याचें द्वार आहे.

पांचवी गोष्ट, दाब. आणि येथें हौशी माणूस हमखास चुकतो. आधुनिक ट्रकचें १५ पौंडांचें झांकण जुन्या रेडिएटरला बसविलें कीं काम झालें, असें त्याला वाटतें. परंतु हिशेब करून पाहा. वरच्या टांकीचा पत्रा ६० सेंटिमीटर लांब व १५ सेंटिमीटर रुंद धरला, तर १५ पौंडांच्या दाबाखालीं त्या पत्र्यावर साडेनऊशें किलोंच्या आसपास भार पडतो. ४ पौंडांना तोच भार अडीचशें किलो होतो. बिनदाबाच्या किंवा मंद दाबाच्या काळांत झाळलेले सांधे हा भार सोसणार नाहींत. ते फुटतील, आणि तेही ऐन घाटांत. म्हणून रेडिएटर दाबाखालीं तपासून घ्यावा, सांधे मजबूत करावे, आणि तो जितकें सोसेल तितकेंच झांकण बसवावें. सांडणारें पाणी धरणारी बाटली मात्र अवश्य लावावी. ती स्वस्त आहे, आणि रूपाला बाध न आणतां बॉनेटखालीं दडवितां येते.

सहावी गोष्ट, पाणी कोणतें? विहिरीचें नको. शुद्ध केलेलें, क्षार काढलेलें पाणी घ्यावें, आणि त्यांत गंजरोधक मिसळलेलें कूलंट घालावें. कूलंटमधील मुख्य द्रव्य एथिलीन ग्लायकॉल. थंड देशांत तें पाणी गोठूं नये म्हणून घालतात. आपल्याकडे त्याचा उपयोग उकळणें थोडें लांबविण्यासाठीं, आणि त्यासोबतचीं गंजरोधक द्रव्यें धातूचें रक्षण करतात म्हणून. उष्णता वाहण्यांत तें साध्या पाण्याहून किंचित् उणेंच आहे, तेव्हां तें जास्त घातल्यानें गाडी जास्त थंड राहते हा समज चुकीचा. आणखी एक फार महत्त्वाचें. हें द्रव्य चवीला गोड आणि पोटांत गेल्यास विषारी आहे. पूर्वीं रेडिएटरचें पाणी रस्त्याकडेला सोडून दिलें तरी कोणाचें बिघडत नसे. आज तसें केलें, तर त्या हिरव्या डबक्याला तोंड लावणारें वासरूं किंवा कुत्रें प्राणास मुकेल. ज्या मळ्यांनीं मोटारीला पाणी पाजलें, त्यांच्या दारांत हें सांडणें म्हणजे कृतघ्नपणाची परिसीमा होईल. तें डब्यांत धरून ठेवावें, मुलांच्या व जनावरांच्या हातीं-तोंडीं लागूं देऊं नये.

एवढें सारें केल्यावरही ट्रक घाटांत उकळत असेल, तरच सातवी गोष्ट : आकार. तेव्हांही जुन्या पितळी टांक्या ठेवून मधला गाभा तेवढा नवा, अधिक नळ्यांचा बसवून घ्यावा. बाहेरून रूप तेंच राहतें, आंतून सामर्थ्य वाढतें. पण गाभा फार जाड केला तर हवाच आरपार जाईनाशी होते, हें विसरूं नये. ॲल्युमिनियमचा रेडिएटर हलका आणि समर्थ असतो. परंतु साध्या पाण्यांत तो इतर धातूंच्या संगतीनें लवकर खाल्ला जातो, म्हणून त्याला गंजरोधक कूलंट हवेंच. विजेचा मोठा पंखा लावावयाचा तर जुन्या डायनामोची वीज त्याला पुरत नाहीं. म्हणजे मग तीही यंत्रणा बदलावी लागते, आणि एका बदलामागून दुसरा असें करतां करतां जुना ट्रक नांवापुरताच उरतो. म्हणून माझी एक विनंति आहे : जें काढाल तें फेकूं नका. जुना पंखा, जुनें झांकण, जुना गाभा तेल लावून, चिठ्ठी बांधून ठेवा. आणि नवें असें बसवा कीं पुढें कोणास मूळ रूप परत आणावेंसें वाटलें, तर धातूला भोंक न पाडतां तें आणतां यावें. यंत्राचा इतिहास कागदांवर थोडा लिहिलेला असतो. पुष्कळसा तो अशा भागांवरच कोरलेला असतो.

शेवटीं पुन्हां त्या रस्त्याकडे पाहूं. वैजापूर तालुक्यांतून आज समृद्धि महामार्ग जातो. नागपूरपासून शिर्डीपर्यंतचा त्याचा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला. त्याच्यावरून जाणारे अवजड ट्रक पाण्यासाठीं कोठें थांबत नाहींत. त्यांचें पाणी आंतल्या आंत फिरतें, कोणास दिसत नाहीं, आणि कोणाच्या विहिरीचें देणें लागत नाहीं. मळेकऱ्याशीं दोन शब्द बोलण्याचें एक निमित्त त्यामुळें गेलें, ही हळहळ खरी. पण ती हळहळ उन्हांत डबा घेऊन पळणाऱ्या पोराला कधीं वाटली नसती.

तेव्हां आमच्या हौशी गृहस्थाचा जुना ट्रक नीट सिद्ध होऊन, घाट चढून, एखाद्या दुपारीं रोटेगांवच्या वाटेवर बाभळीखालीं उभा राहिला, तर त्याचें बॉनेट उघडलेलें नसेल. त्याचा क्लीनर विहिरीवर जाईल, आणि मळेकरी पुन्हां तोच प्रश्न विचारील. त्या वेळीं त्या पोराला एका शब्दांत उत्तर देतां यावें : "मला." इंजिनाची तहान शमविण्यासाठीं शंभर-सव्वाशें वर्षें जी खटपट झाली, तिचें सार्थक याहून निराळें काय असणार!